पाचवी ओळ

राजपत्राची झेरॉक्स पोरानं आणून दिली.
उद्यमनगरातल्या आमच्या लोखंडी चाकाला
दिल्लीनं राष्ट्रीय महत्त्वाचं म्हटलंय.
युनियनच्या जुन्या कचेरीत पेढे वाटले.
मीही खाल्ला एक. जरा जास्तच गोड होता.

चाक म्हणजे ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील,
माझ्या छातीएवढं, कट्ट्यात उभं रोवलेलं.
ते कुठल्या इंजिनाला लागलं नाही,
एक फेरासुद्धा फिरलं नाही.
त्रेसष्ट साली शिवलीला फौंड्रीत भट्टी फुटली,
चार जण जागीच गेले,
मालकाच्या मस्टरवर चौघांपुढं नुसता खाडा.
पाचवा थोरल्या दवाखान्यात,
केळीच्या पानावर निजवलेला.
वाचंल, म्हणायचे.

एकेचाळीस दिवस भट्ट्या गार.
तडजोड झाली त्या रात्री,
कामावर रुजू व्हायच्या आधी,
माणसांनी स्वतःसाठी एक ओतकाम काढलं.
उसना कोक, मोडीतलं लोखंड,
आणि घरोघरचे बिडाचे तवे.
आईनं आमचा दिला.
पुढं महिनाभर आमची भाकरी
शेजारच्या मुक्ताकाकूच्या तव्यावर.

लाकडी अक्षरं चार नावांचीच कोरून ठेवलेली.
साचा भरत आला आणि दवाखान्यातनं सायकल आली.
सायकलवाला काही बोलला नाही, टोपी काढून उभा राहिला.
मग बाबालाल शिकलगार गुडघ्यावर बसला
आणि ओल्या वाळूत बोटानं लिहिलं :
केरबा.
सरळ लिहिलं.
वाळूत सरळ ते लोखंडात उलटं,
हे बावीस वर्षांच्या मोल्डरला कोणी शिकवायचं?
पण त्या रात्री त्याला सुचलं नाही,
आणि बघणाऱ्या तिसांपैकी
एकानंही हटकलं नाही.

सकाळी साचा फोडला तर
चार नावं छापल्यासारखी,
आणि खाली माझा बाप, पाठमोरा.
काना आधी, अक्षर मागनं,
मात्रा भलतीकडंच कललेली.
घासून काढू, म्हणाला बाबालाल.
आई म्हणाली, ऱ्हाऊ दे.
त्येला बघायची तऱ्हा मला ठावं हाय.

दरसाल ती फणेरपेटीतला आरसा घेऊन यायची.
पदरानं पुसायची, चाकापुढं धरायची.
मी तिथंच वाचायला शिकले.
शाळेत पहिल्या दिवशी पाटीवर
बापाचं नाव उलटं लिहून
गुरुजींचा मार खाल्ला.

गेल्या वर्षी मोजणीला साहेब आले,
कोवळे, घामेजलेले, टेप धरायला एक पोरगा.
खाली वाकून विचारलं, ही लिपी कुठली?
कोणी म्हणालं मोडी. कोणी म्हणालं कानडी असंल.
मी म्हटलं, माझा बाप आहे तो.
साहेबांनी मान डोलावली,
वहीत लिहिलं, स्थानिक समजूत.

आणि आता राजपत्रात छापून आलंय :
बिडाचे चाक, एक. नावे, चार.
पाचवी ओळ अवाचनीय.

वाईट नाही वाटलं, असं म्हणणार नाही.
पण त्या एका ओळीपायी
सगळा कागद खोटा कसा म्हणू?
मालकानं तर चाकाकडं पाठ करून
दार बांधून घेतलं होतं.
आता निदान शंभर मीटरात
कोणाला वीट रचता यायची नाही.
हिराबाईचा चहाचा गाडाही मात्र हलवणार म्हणे,
आणि पहिल्या पाळीची पोरं जाताजाता
केरबावर हात फिरवायची,
त्यानं तीन अक्षरं चकचकीत झालीत,
तिथं आता साखळी येणार.
हात लावू नये.

काल रिक्षानं त्याच वाटेनं आले.
निळा फलक लागलाय, तीन भाषांत,
खाली दंडाची रक्कम.
रिक्षा पुढं गेली, मी सहज
ड्रायव्हरच्या आरशात बघितलं.
सरकारचा अख्खा फलक उलटा,
तिन्ही भाषा अवाचनीय.
आणि खाली, उन्हात,
एकटा सरळ,
केरबा.

जरा थांबव रे, म्हटलं.
मीटर चालू राहू दे.